खुली मौखिकी खरोखर खुली असावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी माझी पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा झाली आणि पदवीची शिफारसही झाली. आनंद आहेच, पण परीक्षेची सूचना विभागाच्या फलकावर आदल्या दिवशी संध्याकाळी लागली, याचे वाईट वाटते आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार दोन बहिःस्थ परीक्षकांनी आपल्या अहवालांत प्रबंध स्वीकारण्याची शिफारस केली असेल तरच मौखिकी घेता येते, आणि तिला संशोधन सल्लागार समितीचे सदस्य, अध्यापक, संशोधक व विद्यार्थी यांना उपस्थित राहता येते. आदल्या संध्याकाळी लागलेला कागद वाचून परगावचा संशोधक येणार कसा?

माझा प्रबंध धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरच्या फड पद्धतीवर आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने ठरल्या पाळीने पाणी द्यायचे, अशी ही जुनी व्यवस्था. तयारी करताना मी दोन्ही अहवालांतले आक्षेप वहीत उतरवून प्रत्येकासमोर प्रबंधाचा पृष्ठक्रमांक लिहिला आणि सहकाऱ्यांसमोर दोनदा सादरीकरण करून पाहिले. जे केले नाही ते का केले नाही, हे आपण होऊन सांगता आले पाहिजे, असे माझ्या मार्गदर्शकांनी बजावले होते. परीक्षकांनी तीनच बंधारे का निवडले असे विचारले, तेव्हा त्या सल्ल्याचा फार उपयोग झाला.

मात्र खरा कस लागला तो निराळ्याच प्रश्नाने. मी स्वतः फोन करून बोलावलेले एक वयस्कर पाटकरी मागच्या बाकावर बसले होते. अध्यक्षांची परवानगी घेऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, की पाण्याच्या पाळ्या तुम्ही नीट लिहिल्या, पण पाटातला गाळ काढायला कोण येते आणि कोण येत नाही, ते कुठे आले आहे? त्या कामाची हजेरी मी परिशिष्टात दिली होती. पाळ्यांच्या प्रकरणात तिचा विचार केलेला नव्हता. मी तसे स्पष्ट सांगितले. परीक्षकांनी लगेच हजेरीचे पान उघडले, आणि पुढची वीस मिनिटे पाण्याचा हक्क व श्रमाचा वाटा यांवर जी चर्चा झाली, तिच्यातून माझ्या पुढच्या लेखाचा विषय निघाला. हा प्रश्न दोन्ही अहवालांत नव्हता.

विद्यापीठांना माझी विनंती आहे, की मौखिकीची तारीख, वेळ, जागा आणि प्रबंधाचा मराठी सारांश किमान पंधरा दिवस आधी संकेतस्थळावर द्यावा, आणि ज्या गावांवर वा समूहावर संशोधन झाले आहे, तिथवर ही सूचना विभागानेच पोहोचवावी. नियमावलीत ऑनलाइन मौखिकीची सोय आहे. तिचा दुवाही सूचनेत असावा. परीक्षकांच्या जेवणाचा आणि शाल-श्रीफळाचा खर्च संशोधकाने करायचा, ही अनेक ठिकाणची प्रथाही विभागांनी बंद करावी. शिष्यवृत्ती रखडलेल्या मुलांना ऐन परीक्षेच्या आठवड्यात त्यासाठी उसनवारी करावी लागते.

ते पाटकरी त्या दिवशी पहाटेची एस.टी. धरून आले होते. मी फोन केला नसता, तर त्यांना परीक्षेचा पत्ताही लागला नसता.

आपली नम्र,
एक संशोधक प्राध्यापिका