‘निरंक’ दोन प्रकारचं असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगभरच्या साथींवर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख दोनदा वाचला. संगणक रात्रंदिवस निरनिराळ्या भाषांतल्या बातम्या चाळतात, कुठे ताप वाढला, कुठे कोंबड्या मेल्या ते टिपतात आणि जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यालयात, दिवा लागतो. माहिती चांगली होती. फक्त हे सगळं आता आपोआप होतं, असा जो लेखाचा सूर होता तो मला पटला नाही. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून पस्तीस वर्षं नोकरी केली. आमच्या मालवणीत सांगायचं तर ‘ढोरांचो डॉक्टर’. आपोआप गोळा झालेली माहिती मी तरी अजून पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी सातच्या सुमारास शेजारचे तात्या बागायतदार अंगणात येऊन उभे राहिले. आत येईनात. म्हणाले, “डॉक्टरांनू, काजीत माकड मरान पडला.” गमबूट घालून गेलो. लाल तोंडाचं माकड, वयाने लहानच, कुशीवर पडलेलं. हातापासून वीतभर अंतरावर अर्धं खाल्लेलं काजूचं बोंडू, त्याच्यावर मुंग्या. नाकपुडीशी वाळलेलं रक्त. मी चार हात लांबच उभा राहिलो, पण कानाच्या कडेला तीळ चिकटवावेत तशी गोचिडीची पिल्लं तिथूनही दिसत होती. माकडाचं अंग थंड पडलं की ती उतरतात आणि पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पानांत, शिरतात. आणि त्याच पातेऱ्यात आमच्याकडच्या बाया चार महिने बसून काजूची बी वेचतात.

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. अशा गोचिडी चावून माणसाला जो ताप येतो त्याला माकडताप म्हणतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, मग माणसं तापाने फणफणली. लोकांनी कानडीत त्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, असं नाव देऊन टाकलं होतं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ धावत गेले ते वेगळ्याच धास्तीने. माकडं मरतात आणि माणसंही मरतात, म्हणजे आफ्रिकेतला पीतज्वर आशियात पोचला की काय! निघाला तो नवाच विषाणू, पण सायबेरियाकडच्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. मी जन्मलो तोही १९५७ सालीच, त्यामुळे या तापाचं वय मला कधी मोजावं लागत नाही.

सायबेरियाचा विषाणू कर्नाटकात आलाच कसा, या प्रश्नावर संशय गेला थंडीत उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी १९५९-६०च्या सुमारास पक्ष्यांच्या पायात कडी अडकवायला सुरुवात केली. पक्ष्यांनी विषाणू आणला हे काही सिद्ध झालं नाही, पण पक्षी कुठून कुठे जातात याची मोठी माहिती त्यातून हाती लागली. तसलं एक कडं मी एका प्रशिक्षणात तळहातावर घेऊन पाहिलं आहे. फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं. त्यावर एक नंबर आणि बारीक इंग्रजी अक्षरांत ‘इन्फॉर्म बॉम्बे’ असं काहीसं. म्हणजे, मुंबईला कळवा. प्राण्यांच्या आणि माणसांच्या रोगांवरची जागतिक पाळत म्हणतात ती माझ्यासाठी त्या कड्याएवढी आहे. पक्षी हाती लागलेल्या माणसाने पोस्टकार्ड टाकलं तरच ते कडं कामाचं, नाहीतर नुसता पत्रा.

आमच्या भागात हा ताप उशिरा आला. २०१५मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळीला, २०१६मध्ये दोडामार्ग तालुक्यात केरला, त्याच्या पुढच्या वर्षी बांद्याला. काजूच्या बागांत मजुरीला आलेले बेळगावकडचे गडी ताप घेऊन घरी गेले. विषाणूला गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक या हद्दी ठाऊक नाहीत, हे वाक्य भाषणात फार ऐकलं आहे. आमच्याकडे ते अक्षरशः खरं आहे, एका डोंगराच्या तीन उतारांवर तीन राज्यं आहेत. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. आणि बहुतेक वेळा माणसाच्या आधी माकड मरतं. निसर्गाने एवढी स्पष्ट आगाऊ सूचना फार थोड्या रोगांत ठेवली आहे.

तर तात्यांचं माकड. मी त्यांच्यासमोरच फोन लावला. पहिल्या कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे नाही, दुसरीकडे लावा. दुसऱ्या कार्यालयात, माणूस आहे पण गाडी नाही. तिसऱ्या कार्यालयात मला विचारलं, “कुणाला ताप आलाय का? ताप आला की आमचं काम सुरू होतं.” कार्यालयांची नावं लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत. मी स्वतः खुर्चीत होतो तेव्हा अशी उत्तरं दिलेली आहेत, हेही कबूल करतो. तिसऱ्या दिवशी मंडळी आली तोवर उन्हाने माकड फुगलं होतं आणि नमुना घेण्याजोगं काही उरलं नव्हतं. त्यांनी सभोवार पावडर मारली, माकड जाळलं, सह्या घेतल्या. माकड कशाने मेलं? तात्यांना आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. नमुनाच नाही तर अहवाल कुठला, पण तेवढंही सांगायला कोणी परत आलं नाही.

तात्यांना मिळालं ते एवढंच की बातमी वाडीवाडीत गेली. पंधरा दिवस एकही बाई बी वेचायला आली नाही. पहिल्या बहराची बी खारींनी आणि डुकरांनी नेली, बोंडू झाडाखाली कुजले. बाजारात कुणी तरी तोंडावर म्हणालं, ह्यांच्या बागेतली बी घेऊ नका. (बीमधून हा ताप येत नाही. पण बाजारात जाऊन कोणाला समजावणार?)

यंदा जानेवारीच्या शेवटी संध्याकाळी फिरायला गेलो असता त्याच बागेच्या बांधाकडून वास आला. माती नुकती उकरलेली होती, वर पातेरा ओढून ठेवलेला. तात्यांना विचारलं. आधी बोललेच नाहीत. मग म्हणाले, “कित्याक कळवतलंय? गडी येवचे नाय. मग काजी कोण काढतलो?” हातमोजे न घालता, साध्या फावड्याने त्यांनी एकट्याने ते माकड पुरलं होतं.

आता मुद्दा. आमच्या खात्यात दर महिन्याला अहवाल जायचा आणि रोग नसेल तर रकान्यात ‘निरंक’ लिहायचं. हा शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा लिहिला असेन! पण निरंक दोन प्रकारचं असतं. एक, गोठ्यागोठ्यात जाऊन, बघून, विचारून लिहिलेलं. दुसरं, कोणी काही सांगितलं नाही म्हणून लिहिलेलं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून पुण्याला, दिल्लीला, जिनिव्हाला जाईतो कुणालाच त्यांतला फरक सांगता येत नाही. संगणकाला तर मुळीच नाही. यंदा तात्यांची बाग निरंक आहे.

पहिल्या प्रकारच्या निरंकाने काय होतं ते मी पाहिलं आहे. बुळकांडी! तरुण वाचकांना हा शब्दही ठाऊक नसेल. गुरांचे गोठे रिकामे करणारा रोग. १९२०मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथल्या जनावरांना बुळकांडी लागली. त्या हादऱ्यातूनच १९२४मध्ये २८ देशांनी पॅरिसला प्राण्यांच्या रोगांची खबर एकमेकांना देणारी संस्था काढली. म्हणजे या जागतिक व्यवस्थेच्या मुळाशी आपल्याकडची गुरं आहेत. नोकरीत आम्ही गावोगाव फिरून विचारायचो, तोंडात फोड आणि पाण्यासारखी हगवण झालेलं जनावर दिसलं का? चहाच्या टपरीवर, बाजारात, गुरं हाकणाऱ्याला रस्त्यात थांबवून. देशात १९९५नंतर बुळकांडी दिसली नाही आणि २०११मध्ये जग तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या जाहीरनाम्याखाली असंख्य गावांतलं, पायी जाऊन मिळवलेलं निरंक आहे.

दुसरी आठवण शाळा-कॉलेजच्या वयाची. एसटी स्टँडच्या भिंतीवर गेरूने रंगवलेलं असायचं, ‘देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा’. आम्ही पोरं चेष्टेत एकमेकांच्या तोंडावरचे मुरुम दाखवायचो. पण १९७५मध्ये हजार रुपये ही रक्कम केवढी होती, आणि मुख्य म्हणजे कळवणारा गुन्हेगार नव्हता, बक्षिसाचा मानकरी होता. त्याच वर्षी मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला.

आणि आता? आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली प्रत्येक देशाला सांगते की गंभीर घटना आहे असं ठरल्यावर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवा. नियम उत्तम आहे. पण वरच्या पातळीवरसुद्धा कळवणाऱ्याच्या पदरात काय पडतं? २०१२मध्ये जेद्दाहच्या रुग्णालयात अली मोहम्मद झाकी या इजिप्शियन विषाणुतज्ज्ञाला एका रुग्णात नवा कोरोना विषाणू सापडला. त्याने तो ‘प्रोमेड’ या साथींच्या खबरा देणाऱ्या मंचावर जाहीर केला. पुढे त्याला मर्स म्हणू लागले. झाकींना ती नोकरी सोडून मायदेशी परतावं लागलं. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची खबर प्रामाणिकपणे आणि झटपट दिली, तर दोन-तीन दिवसांत निम्म्या जगाने त्यांची विमानं बंद केली. तात्यांची बाग आणि दक्षिण आफ्रिका यांत मला फार फरक दिसत नाही. दोघांनीही कळवलं आणि दोघांचेही गडी यायचे बंद झाले.

माझी मागणी मोठी नाही. उपग्रह नको, अॅपही नको (डोंगरात रेंज नसते). मेलेलं जंगली जनावर दिसलं तर कुणाला फोन करायचा याचा तालुक्याला एकच नंबर असावा, आणि तो उचलणाऱ्याने ‘आमच्याकडे नाही’ म्हणायचं नाही. त्याच्याकडे बर्फाची पेटी आणि त्याच दिवशी निघणारी गाडी हवी. बाग जितके दिवस बंद, तितक्या दिवसांची मजुरी बायांना आणि काही भरपाई बागायतदाराला. हा खर्च अतिदक्षता विभागातल्या एका खाटेपुढे किरकोळ आहे. आणि अहवाल आला की तो आधी ज्याने माकड दाखवलं त्याच्या अंगणात जाऊन सांगायचा, मग वर पाठवायचा. शेवटच्या गोष्टीला एक पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात तीच कधी होत नाही.

यंदाच्या त्या पुरलेल्या माकडाचं मी काय केलं, असं आपण विचाराल. दोन दिवस गप्प राहिलो. पस्तीस वर्षं सरकारी पगार घेतलेला माणूस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी आशाताईला गाठून सांगितलं, बाई, या चार वाड्यांत रोज घरोघर ताप विचार, अंगदुखी आणि डोळे लाल असले तर थांबू नको, रक्त तपासायला पाठव. कुठल्या बागेमुळे ते मला विचारू नको. ती शहाणी, तिने विचारलं नाही. तात्यांना गोचिडी लांब ठेवायला अंगाला लावायचं डीएमपी तेल आणि जुने गमबूट देऊन आलो. हे लिहीपर्यंत तरी कुणाला ताप नाही.

पत्र छापलंत तर आनंद आहे, पण माझं नाव आणि गाव मात्र छापू नये. माझं नाव वाचलं की शेजारची बाग कुणाची ते तालुक्यात सगळ्यांना कळेल, आणि अजून एप्रिल-मेची बी झाडावर आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
जि. सिंधुदुर्ग