फिजिओथेरपीच्या ताई, तुमचे आभार मानायचे राहिलेत

ताई, नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते, पण वाचलंत तर कळेलच कोणी लिहिलंय.

लघवी कंट्रोल होत नाही हे बायका कोणाला सांगतात? मी नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. लक्ष्मी रोडला साडी घ्यायला निघालं तरी डोक्यात आधी टॉयलेट कुठाय तेच, स्वारगेटच्या बसमध्ये चढायची भीती, भाचीच्या लग्नात सुद्धा दाराजवळची जागा. आणि घरी येऊन कुलपात किल्ली घातली रे घातली की संपलंच. तुमच्याआधी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी मान वर करून पाहिलं पण नाही, "वय झालं, पॅड लावा, टेन्शन घेऊ नका" आणि पुढचा पेशंट. टेन्शन काय कोणी हौसेने घेतं का? मला अजून राग येतो.

तुमच्याकडे पहिल्याच दिवशी बोलता बोलता खुर्चीवरच झालं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. तुम्ही उठलात, फडकं आणलंत, खुर्ची पुसलीत, मला स्वतःची खुर्ची दिलीत आणि तुम्ही त्या पुसलेल्या खुर्चीवर बसून पुढचं विचारायला लागलात, जसा काही चहा सांडला होता. साफसफाईच्या मावशींना हाक नाही, तोंड वाकडं नाही, "होतं हो असं" म्हणून कीव पण नाही. घरी जाऊन जी रडले ना मी! व्यायाम, लघवीच्या वेळा लिहायची डायरी सगळं नंतरचं, मला धीर आला तो तिथे.

मग तुम्ही समजावलंत की मूत्राशयात ४०० मिली तरी मावतं, पण भीतीपोटी उगाच सारखं जाऊन आलं की ते थोडक्यातच भरल्याचा निरोप धाडतं आणि घाबरलेलं मन तो निरोप अजून मोठा करतं, किल्ली दिसली, नळाचा आवाज आला की लघवी लागायची मेंदूला सवय लागते. मी पाणी कमी केलं होतं त्यानेही लघवी घट्ट होऊन त्रास वाढत होता. म्हणजे काळजीचा भाग होता पण म्हणून दुखणं खोटं नव्हतं, हे मला कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं. घाई लागली की पळायचं नाही, थांबायचं, लघवी रोखायचे खालचे स्नायू आवळायचे, श्वास सोडायचा, जोर ओसरला की मग चालत जायचं. अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी हे स्नायूंचे व्यायाम १९४८ मध्येच मांडलेत, मग आम्हाला नुसतं पॅडच का सांगतात?

यंदा गणपतीत लेकीबरोबर मंडईपर्यंत देखावे बघत चालत गेले. अजून कधीतरी होतं, नाही असं नाही, पण घरात कोंडून नाही घेत आता. हुशार माणसं पुण्यात पुष्कळ आहेत ताई, समोरच्याची लाज राखणारी फार कमी भेटतात.

माझ्या नणंदेला पण हाच त्रास आहे, कोथरूडला असते, तिला तुमच्याकडे पाठवतेय. आणि तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी तुम्हाला असं वाढवलं म्हणून.