हातांकडेही वेळीच लक्ष हवे

जागतिक सेरेब्रल पाल्सी दिनानिमित्त ६ ऑक्टोबरच्या अंकातील लेख वाचला. सेरेब्रल पाल्सी म्हणजे विकसित होणाऱ्या मेंदूला इजा झाल्याने मुलाच्या हालचालींवर होणारा कायमचा परिणाम. लेख स्वागतार्ह असला, तरी ‘मूल कधी चालेल?’ या प्रश्नालाच त्यात सगळी जागा मिळाली आणि हातांचा विषय एका ओळीत आटोपला, हे खटकले. जेवण, कपडे, लिहिणे हे सारे हातांवरच अवलंबून असते.

पहिल्या वर्षात बाळ सहसा दोन्ही हात सारखेच वापरते. आठ महिन्यांचे बाळ उजवीकडे ठेवलेला खुळखुळाही अंग वळवून डाव्या हातानेच घेत असेल आणि उजव्या हाताचा अंगठा आत दुमडून मूठ मिटलेलीच राहत असेल, तर घरात ‘डावखुरा होणार’ असे कौतुकाने म्हटले जाते. वास्तविक ती एका बाजूच्या सेरेब्रल पाल्सीची सुरुवातीची खूण असू शकते. हाताचा वापर पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक वेगाने विकसित होत असल्याने येथे वाट पाहणे महागात पडते. चांगला हात रोज थोडा वेळ मऊ मोज्याने झाकून दुबळ्या हाताला खेळातून काम देण्याची पद्धत थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली तान्ह्या बाळांसाठीही वापरली जाते.

मुलांमधील आजार आणि विकासातील अडचणी लवकर ओळखण्यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. लसीकरणासाठी आलेल्या प्रत्येक बाळाचे दोन्ही हात परिचारिकेने आवर्जून पाहावेत आणि शंका आल्यास त्याला लगेच याच कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांची तपासणी आणि उपचार होणाऱ्या केंद्रात, पाठवावे, अशी स्पष्ट सूचना आरोग्य विभागाने द्यावी.

– एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नाशिक