कामठीच्या सुभेदार काकाजींना जाहीर धन्यवाद

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

आजोबांची चकमकीची बंदूक रीतसर परवाना होऊन माझ्या नावावर आली, तेव्हा ज्याला दाखवावी तो हेच सांगायचा, "शोभेला ठेव, नाहीतर ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची करून घे." तुम्ही तसं काही म्हटलं नाही. आधी ठासायचा गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग गारेची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दगडाची, धार नखावर घासून पाहिली. "बंदुकीले काही नाही झालं बाप्पा, गार बोथट झाली."

मग तुम्ही ओढ्यातल्या अकीकाची कपची काढलीत, चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पडणाऱ्या दांड्याच्या, जबड्यात बसवलीत. धार पोलादी झडपेला पूर्ण रुंदीत टेकते का, हे डोळा लावून कितीतरी वेळ पाहत होता. एक कोपरा जरी आधी लागला तरी ठिणग्या निम्म्या पडतात. रंजकाचंही, म्हणजे नळीबाहेरच्या वाटीत घालायच्या दारूचंही, तसंच. काना, म्हणजे वाटीतून नळीत जाणारं भोक, रंजकाने बुजला तर ती दारू वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा होतो. मोकळा ठेवला तर वाटीतली ज्वाळा थेट आत पोचते. इतकं साफ मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरे धन्यवाद सागाच्या त्या तुकड्याचे. गारेच्या जागी तो बसवून तुम्ही माझ्याकडून रिकामा चाप ओढवून घेतलात, आठवडेच्या आठवडे. चाप सुटल्यावर घोडा पडणार, ठिणगी, रंजक, मग बार. तेवढा वेळ नळी निशाण्यावरच राहिली पाहिजे. डोळ्यासमोर भडका उडाला की मान आपोआप मागे जाते. ती सवय मोडायला दुसरा उपाय नाही.

आपली नळी बिनआट्यांची, म्हणजे आतून गुळगुळीत, आणि नेम धरायची मागची माशी नाही. म्हणून कुंद्यावर गाल दरवेळी त्याच जागी टेकायचा, हेही तुमचंच. सीताबर्डीच्या टेकडीखाली उभं राहून तुम्ही 1817 ची लढाई सांगितली होती. कंपनीच्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी सुमारे 19 मिलिमीटरची आणि गोळी साडेसतराची. भराभर ठासता यावी म्हणून ढिली, त्यामुळे एकेकट्याचा नेम बेताचा, सगळी भिस्त एकदम झाडलेल्या फैरीवर. आपण गोळी मांजरपाटाच्या चकतीत घट्ट बसवतो. शुद्ध सुतीच हवा, पॉलिएस्टर वितळतं. आता 50 मीटरवर माझ्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत लागतात.

गजावर तुम्ही कोरलेली खूण मी दरवेळी पाहते. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटू शकते. मे महिन्यात काजळी दगडासारखी होते, म्हणून प्रत्येक बारानंतर ओला बोळा. श्रावणात तीच ओल धरून चिखल होते, म्हणून वाटी कोरडी पुसायची. घरी आल्यावर गरम पाणी, मग तेल. जवसाचं मात्र फक्त कुंद्याला, नळीत ते वाळून चिकट पापुद्रा धरतं.

हे सगळं तुम्ही एक पैसा न घेता दिलंत. पावसाळा सरला की रेंजवर या. चकत्या मीच कापून आणते, काकूंना यंदा कात्री हातात घेऊ देऊ नका.

तुमची पुतणीसारखी,
नागपूरहून