'नाही' म्हणाल्याबद्दल थँक्यू, मॅडम

नमस्कार मॅडम,

माझं नाव लिहू नका, म्युझियमचंही नको, असं निघताना दोनदा बजावलंत म्हणून लिहीत नाहीये. पण गेल्या जुलैत निळ्या प्लॅस्टिकच्या पाइपात देव भरून एक ओलीचिंब बाई तुमच्याकडे आलेली ना, ती मी. एवढ्यावरून ओळखाल. वयाने तुम्ही माझ्या भाचीएवढ्या असाल, गेटवरचे सिक्युरिटीवाले पण तुम्हाला ताईच म्हणतात, तरी माझ्या तोंडी मॅडमच बसलंय, ते राहू दे.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर एक गुंडाळी सापडली, धोतरात बांधलेली. आत देवांची चित्रं, तेवीस. आजोबा लिथो प्रेसमध्ये होते, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायचा छापखाना, आधी दगडावर, मग झिंकच्या प्लेटवर, रिटायर होईपर्यंत ऑफसेटची नवी मशीनं आलेली. ते जाऊनही तीसेक वर्षं झाली. चित्रांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायची चूक मी केली आणि धाकटे काका, जे चाळ सोडताना 'फेकून दे तो कचरा' म्हणत होते, त्यांना अचानक राजा रविवर्मा दिसायला लागले. ओरिजिनल आहे, लाखांत जाईल, कुणाला दाखवू नकोस, असे मेसेज. त्यांनी मनातल्या मनात पार्ल्याला फ्लॅट बुक पण केला असेल.

मला विकायचं नव्हतं हो. मला वाटलं म्युझियमला देऊन टाकू, भिंतीवर लागेल, खाली पितळी पट्टीवर आजोबांचं नाव येईल. तीन आठवड्यांनी तुमचं उत्तर आलं की घेऊ शकू असं वाटत नाही पण घेऊन या, बघूया. हे 'बघूया' सहसा नाही म्हणायचं असलं की म्हणतात. तुम्ही खरंच तीन तास बघितलंत.

दारातच छत्री काढून घेतलीत. ओली वस्तू आत नको, पेन पण नको, आत फक्त पेन्सिल. मग माझा पाइप उघडायच्या आधीच एका वेगळ्या खोलीत नेलात आणि मला जरा रागच आला, देव अस्पृश्य झाले का म्हटलं. तर तुम्ही सांगितलंत की बाहेरून आलेली कुठलीही वस्तू, अगदी दुसऱ्या म्युझियममधून प्रदर्शनाला आलेली सुद्धा, आधी वेगळी ठेवून तपासतात, कारण एका घरातली कसर किंवा बुरशी सगळ्या स्टोअरला, म्हणजे वस्तू साठवायच्या खोल्यांना, लागू शकते. कोपऱ्यात चिकट कागदाचे सापळे लावलेले, त्यात कुठला किडा अडकला ते वहीत टिपून ठेवता तुम्ही लोक! आमच्याकडे चप्पल मारतात आणि विषय संपतो.

आणि मग ते भिंग. टेबलावर एकेक चित्र, तुम्ही टॉर्च आडवा धरलात तेव्हा कागदावरच्या सगळ्या घड्या, फुगे, उचकटलेला रंग डोंगरासारखा वर आला, रोज बघूनही मला कधी दिसला नसता. भिंगातून बघा म्हणालात. काही चित्रांत ठिपके अगदी रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे, ते ऑफसेट. आणि काहींत दादरच्या ब्रिजवरच्या गर्दीसारखे, कसेही, दाटीवाटीने, कारण ते कुणीतरी बसून हाताने टाकलेले, ते लिथो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका लक्ष्मीला दहा-बारा दगड लागायचे, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर कुंकू कपाळ सोडून भुवईवर. तेवीसातली नऊ कॅलेंडरची निघाली. रविवर्मा एकही नाही. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आजोबा तर १९२२ चा जन्म, त्यांचा काय संबंध, पण काकांना हे सांगायला मला तुमचा आधार लागला. ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. सरस्वती. तुमच्याकडे यायच्या आधी मीच ती एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलेली, टिकावी म्हणून. तुम्ही ती हातात घेतलीत, काही बोलला नाहीत, फक्त बाजूला ठेवलीत. मीच विचारलं तेव्हा सांगितलंत की उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक आता सोडवायला गेलो तर रंग त्याच्याबरोबर येईल. दुकानवाल्याची चूक नाही, मीच सांगितलेलं. तुमचं काम कसं असतं ते तेव्हा कळलं. फाटलेल्या जागी तुम्ही जपानी कागद लावता, दिसतो कोळ्याच्या जाळ्याएवढा, आणि चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये खळ! मी हसले. तुम्ही म्हणालात, खळ पाण्याने सुटते, आपण आज जे करतो ते उद्या आपल्यापेक्षा शहाण्या कुणाला तरी काढता आलं पाहिजे. हे मी घरी येऊन मुलाला सांगितलं, तो इंटिरियरचं काम करतो, फेविकॉलवर जगतो, त्याला पटलं नाही.

आता लक्ष्मीचं. त्याच्यासाठीच हे पत्र आहे खरं तर. त्या एका चित्रावर आजीने जरीकाम केलेलं, साडीच्या काठाला खरी जर, पदरावर टिकल्या, मुकुटावर मणी, लाल मखमलीचा तुकडा. जर काळी पडलेली, टिकल्या अर्ध्या गळलेल्या. मी तुम्हाला म्हटलं हे सगळं काढून खालचं ओरिजिनल मोकळं करून द्या ना. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. म्हणालात, खालचं चित्र हजारांनी छापलंय, अशी लक्ष्मी कुठेही मिळेल. हे जरीकाम दुपारी भांडी घासून झाल्यावर कुणी केलं ते तुम्हाला माहितीये, ते मला कुठे मिळणार? आणि मग विचारत बसलात, मखमल कुठली, आजी शिवणकाम करायची का, मंगळदास मार्केटला जायची का. मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. आजोबांचं नाव भिंतीवर लागावं म्हणून मी आलेले, आजीचा मला विचारच नव्हता आलेला. तेव्हा मी रडले ते काही पावसामुळे नाही, तुम्ही टिश्यू दिलात आणि वर म्हणालात, चित्रापासून लांब.

एवढं सगळं करून तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे कमिटीपुढे नेता येईल, पण खोटी आशा लावणार नाही, असं सरळ. वस्तू एकदा नोंदवून घेतली की तिला नंबर पडतो, फाइल होते, आणि ती कायमची सांभाळायची असते, एसी चोवीस तास, मुंबईची हवा पावसाळ्यात ऐंशी-नव्वद टक्के दमट आणि स्टोअरमध्ये पन्नाशीच्या आसपास ठेवायची, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती रोज वर-खाली होता कामा नये. तुमच्या भिंतीवरचं मीटर त्या दिवशी ५४ दाखवत होतं आणि मला गारठून आलेलं. वर कागदाला उजेड नको. पन्नास लक्स (हे उजेड मोजायचं माप) म्हणजे किती अंधार ते तुम्ही एक बटण दाबून दाखवलंत, आणि एवढ्याशा उजेडातही काही महिनेच ठेवायचं, मग पुन्हा पेटीत विश्रांती. उडालेला रंग परत येत नाही. 'आमच्याकडे आली तर तुमची लक्ष्मी अंधारातच राहील, वर्षानुवर्षं', असं म्हणालात. लोकांना वाटतं म्युझियम म्हणजे वर हॉलमध्ये जे दिसतं ते, माझं पण तेच होतं.

वरचा हॉलही बघितला जाता जाता. नवीन प्रदर्शनाची तयारी चालू होती, एक सुतारकाका जाड पुठ्ठ्याची चौकट तिरकी कापत होते आणि दोन मुली एका लेबलच्या तीन ओळींवरून भांडत होत्या. शोकेस रिकाम्या. रंग कालच दिलाय, त्याचा वास पूर्ण गेल्याशिवाय आत वस्तू ठेवत नाही म्हणालात, वाफेने धातू काळा पडतो. मी लगेच आजीच्या जरीचा विचार केला. आमच्या कपाटात तर डांबरगोळ्या!

तर रिपोर्ट असा. डांबरगोळ्या काढल्या. तुम्ही सांगितलेला ॲसिड-फ्री पुठ्ठा फोर्टात मिळाला, महाग आहे हो. बॉक्स डोंबिवलीच्या घरात आतल्या भिंतीच्या कपाटात, बाथरूमच्या भिंतीला नाही. प्रत्येक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलने हलकाच नंबर, आणि एका वहीत कुठे फाटलं, कुठे डाग, सगळं लिहिलंय. आजीबद्दल पण लिहायला घेतलं. मोठ्या आत्याला फोन केला, ती ८३ वर्षांची आहे, तिने सांगितलं ती मखमल तिच्याच लहानपणीच्या परकराची. दोन गळलेल्या टिकल्या पाकिटात ठेवल्यात, पाकिटावर नंबर. चार महिने लक्ष्मी देवघराजवळ, मग बॉक्समध्ये, मग दुसरं कुणीतरी. काका आले तेव्हा रिकामी खिळी बघून विचारत होते विकलीस का, म्हटलं विश्रांतीला गेलीये.

तुम्ही सांगितल्यावर राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियमही बघून आले. १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं आणि मी तिथे फक्त माकडं बघायला जायचे शाळेतून. बाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती, इंग्रज विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना तुटला, तो तुकडे जोडून उभा केलाय, त्याचे सांधे शोधत अर्धा तास उन्हात उभी होते. पूर्वी दिसलेच नसते. आणि रीगल सिनेमाजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आम्ही अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतो, ते १० जानेवारी १९२२ ला लोकांसाठी उघडलं, आमच्या आजोबांच्याच वर्षी, त्याआधी पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्करी हॉस्पिटल होतं हेही तुमच्याकडूनच कळलं. पुढच्या रविवारी आत्याला व्हीलचेअरवर नेणार आहे.

आणि हो, छत्री तुमच्याकडेच राहिली, काळी, लाकडी मुठीची. त्या वेगळ्या खोलीत ठेवली असेल तर तपासून झाली की कळवा.

तुमची,
पाइपवाली