माले, मला आणि 'आय'

अमळनेर,
रविवार, रात्री

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

"सगळं ठीक आहे आबा" असं तू फोनवर म्हणालीस तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. मग तुझ्या आईनं सांगितलं. नर्सिंगच्या वर्गात उभी राहून तू "आय डिड नॉट वेन्ट" म्हणालीस, मागच्या बाकांवर हशा झाला, आणि तेव्हापासून तू हात वर करणं सोडलंस. ऐकलं आणि घास उतरेना. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून दुकान बंद करून लिहायला बसलोय.

आधी त्या वाक्याचंच बोलू. मराठीत आपण "मी गेले नाही" म्हणतो. भूतकाळ 'गेले'मध्ये असतो. इंग्रजीत नकार आला की भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो आणि 'गो' मोकळा होतो. ओझं एकदाच वाहायचं, दोघांच्या डोक्यावर द्यायचं नाही. "आय वेन्ट", नाहीतर "आय डिड नॉट गो". तू मराठीची रीत इंग्रजीला लावलीस, एवढंच झालं. चूक आहेच, पण ती विचार करणाऱ्या डोक्याची चूक आहे.

आणि माई, असं एकदा आधीही झालंय, तुला आठवत नसेल. पहिलीत होतीस. घरात आजीची अहिराणी, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस? तू म्हणालीस, "माले ताप उना व्हता." तेव्हाही पोरं हसली होती. घरी येऊन तू दप्तर फेकलंस. मग हळूहळू 'माले'चं 'मला' झालं, 'आठे'चं 'इथे' झालं, 'शे'चं 'आहे' झालं. सगळ्यात जास्त छळलं ते 'जास'नं. अहिराणीत मी जास, तू जास, तो जास, ती पण जास. मराठीत मात्र तो जातो आणि ती जाते. कितीतरी दिवस तू "मी घरी जातो" म्हणायचीस. तक्ता पाठ करून ते सुटलं नाही, दिवसभर कानावर पडून सुटलं. दिवाळीपर्यंत तू उलट आजीलाच सुधारायला लागलीस. ते मला आवडलं नव्हतं, हेही आज सांगून टाकतो.

म्हणजे इंग्रजी ही तुझी तिसरी भाषा. दुसरी तू सहाव्या वर्षी, कुणाला न घाबरता शिकलीस.

तोच 'जास' इथे लक्षात ठेव. अहिराणीत एकवचनाला सगळीकडे 'स' लागतो. इंग्रजीतही वर्तमानकाळात 'स' येतो, पण तो फक्त ही, शी आणि इट यांच्यासाठी. शी वर्क्स, इट हर्ट्स. आय आणि यू कोरडेच राहतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपण म्हणतो, मला भूक लागली, मला राग आला, मला ताप आला. भूक, राग, ताप बाहेरून चालत येतात आणि माणूस 'ला' लावून बसलेला असतो. इंग्रजीत तसं नाही. आय ॲम हंग्री, आय ॲम ॲंग्री, आय हॅव अ फीव्हर. प्रत्येक वेळी 'आय' पुढे येऊन उभा राहतो. परीक्षेचंही तसंच. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. म्हणून मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून उचललं की मोडतं. अख्खं वाक्य नव्या जागी नव्यानं उभं करावं लागतं.

'अ' आणि 'द'चा घोळ आजीच्या गोष्टीवरून सोडव. "एक राजा होता" इथे राजा पहिल्यांदा आला, तो 'अ किंग'. "त्या राजाला दोन राण्या होत्या" इथे तो ओळखीचा झाला, आता 'द किंग'. सगळं यात बसत नाही, पण निम्म्याहून जास्त बसतं. आणि 'अ' की 'ॲन' हे डोळ्यांनी ठरवू नकोस, कानांनी ठरव. 'अवर'चं स्पेलिंग 'एच'नं सुरू होतं, पण कानाला स्वर येतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' 'यू'नं सुरू होते, पण कानाला 'य' येतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. १८८० साली असोद्याला जन्मलेली ही बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळी भाषा कानात आणि जिभेवर. भाषा आधी तिथेच राहते, वहीत नंतर येते.

माझं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं. तुमच्यासाठी २००० सालापासून ते पहिलीतच आलं. पण मला खरं शिकवलं ते दुकानातल्या कीटकनाशकांच्या बाटल्यांनी. विशीत होतो, कापसावर अळी पडली होती. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे लालच्या खालोखाल विषारी, तेवढं कळलं. 'इन्सेक्टिसाइड' आणि 'कॉन्सन्ट्रेशन' हे मोठे शब्दही कळले. खाली एक ओळ होती, "डू नॉट रिपीट द स्प्रे अनलेस द पेस्ट रीअपिअर्स". मला 'रिपीट', 'स्प्रे', 'पेस्ट' दिसले. 'अनलेस' डोळ्यांसमोरून निसटला. अळी परत दिसल्याशिवाय फवारणी करू नका, असं ते सांगत होतं. मी चौथ्या दिवशी पुन्हा पंप पाठीला लावला. पानं कडेनं करपली, दोन एकर. बाबांनी मला एक शब्द विचारला नाही, ते बांधावर नुसते उभे राहिले. ते उभं राहणं अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून अनलेस, अंटिल, विदिन, एक्सेप्ट हे बारके शब्द मी बोट ठेवून वाचतो. तुझ्या हातात उद्या औषधाची चिठ्ठी असणार आहे, माई. मोठा शब्द अडला तर माणूस थांबतो, विचारतो. बारका शब्द निसटला तर कळतही नाही.

आता तुझ्या कामाचं. "पोट दुखतंय"चं आपण "स्टमक इज पेनिंग" करतो. दुखणं हे आपल्याकडे क्रियापद, 'पेन' तिकडे बहुतेक वेळा नाम. "शी हॅज पेन इन द ॲब्डोमेन" म्हण, किंवा सरळ "हर स्टमक हर्ट्स". पण एवढ्यावर थांबू नकोस. आपल्या बायामाणसांकडे दुखण्याचे किती शब्द आहेत बघ. दुकानात बसून मी कोशातून जुळवत होतो. ठणका लागतो तो 'थ्रॉबिंग'. चमक निघते ती 'शूटिंग'. आग होते ती 'बर्निंग'. पोटात मुरडा येतो तो 'क्रॅम्प'. सुरी खुपसल्यासारखं होतं ते 'स्टॅबिंग'. अंग नुसतं जड आणि मंद दुखतं ते 'डल एक'. पारोळ्याकडची म्हातारी "ठणकस" म्हणेल, तेव्हा ते तुला बरोबर कळणार आहे आणि डॉक्टरांना इंग्रजीत सांगताही येणार आहे. जिला फक्त इंग्रजी येतं तिला यातला पहिला अर्धा भाग कुठून येणार? म्हणून शब्दांची यादी वरून खाली पाठ करू नकोस. डावीकडे आपला शब्द, मध्ये इंग्रजी, उजवीकडे पेशंटच्या तोंडचं एक वाक्य. रोज पाच पुरेत.

शब्द घ्यायला लाजू नकोस, इंग्रजांनीही लाज धरली नाही. 'कॉटन' त्यांनी अरबीतल्या 'कुत्न'वरून घेतला. 'मंगूस' तर आपलं मुंगूसच. म्हणून 'गूस'चं 'गीस' होतं तसं मुंगसाचं 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस'च होतं.

सोबत कळण्याचं पीठ, बिबड्या आणि माझा कोश पाठवतोय. पुठ्ठा सुटलाय, चिकटपट्टी लावून घे. आजीचा गुडघा पुन्हा सुरू झालाय. आत कुणीतरी कुरतडतंय म्हणते. त्याला 'नॉइंग' म्हणतात, स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'जी' आहे पण तो मुका. आखाजीला येशील तेव्हा तिला जळगावच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. मागच्या वेळी ते भराभरा इंग्रजीत बोलत होते आणि मी नुसती मान हलवत होतो. या वेळी तू बोल.

तुझा,
आबा