त्वचेच्या ॲलर्जीची चाचणी आता गिनीपिगवर नको : केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये त्वचारोगांची डॉक्टर आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निफाड-दिंडोरीकडून हाताचे पेशंट वाढतात. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून द्राक्षबागेत हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाया दिवसभर एकेका डोळ्याला ती लावत पुढे सरकतात. हातमोज्याचे एखादे बोट फाटलेले असतेच. मग बोटांच्या बेचक्यांत खाज, लाल पुरळ, पाणी सुटणारे फोड. यातले काही निव्वळ रसायनाने भाजणे असते, ते आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते. काही मात्र ॲलर्जी असते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्माची. पुढच्या हंगामात जराशी पेस्ट लागली तरी मनगटापर्यंत हात पेटतो. त्या बाईने मजुरी सोडायची की हात, एवढाच प्रश्न उरतो.

एखादे रसायन ॲलर्जी करेल की नाही, हे बाजारात येण्याआधी तपासायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी ही माहिती द्यावी लागते आणि ती वर्षानुवर्षे गिनीपिगच्या कातडीवरून मिळवली गेली. एका जुन्या पद्धतीत तर प्रतिकारशक्ती चाळवणारे औषध रसायनासोबत त्यांच्या कातडीत टोचतात, आणि काही आठवड्यांनी तेच रसायन पुन्हा लावून किती लाली आली ते डोळ्यांनी बघून गुण देतात.

आज त्याची गरज उरलेली नाही. ॲलर्जी कशी घडते, ते टप्पे आता माहीत आहेत : रसायन कातडीतल्या प्रथिनाला चिकटते, वरच्या थरातल्या पेशी धोक्याची सूचना देतात, रोगप्रतिकारक पेशी ती पुढे नेतात. या तिन्ही टप्प्यांसाठी प्रयोगशाळेत चाचण्या आहेत, पहिली परीक्षानळीत आणि पुढच्या दोन माणसाच्या पेशींवर. तीनपैकी दोन चाचण्यांचे उत्तर जुळले की निर्णय घ्यायचा, ही पद्धत ओईसीडीने (आर्थिक सहकार्य व विकास संघटना, रसायनांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) 2021 मध्ये मार्गदर्शिका क्रमांक 497 म्हणून मान्य केली. माणसांवरच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर ती गिनीपिगनंतर आलेल्या, उंदरांवरच्या ॲलर्जी-चाचणीपेक्षा कमी भरली नाही, उलट सरस ठरली.

याचे मला नवल वाटत नाही. सातपूर-अंबडच्या प्लेटिंग कारखान्यांतल्या कामगारांना आणि खोटे कानातले घालणाऱ्या मुलींना छळणारे निकेल घ्या. माणसात इतकी सर्रास ॲलर्जी करणारा दुसरा धातू नाही. पण उंदरांवरच्या त्या चाचणीत निकेल क्लोराईड निर्दोष सुटते, कारण निकेल ओळखणारा माणसाच्या पेशीवरचा ग्राहक रेणू (रिसेप्टर) उंदरात तसा नसतो. परीक्षानळीतली चाचणीही धातूंसाठी चालत नाही, हे मी लपवत नाही. न विरघळणारी रसायने आणि तयार मिश्रणे यांच्याबाबतही जपून राहावे लागेल. म्हणून सरसकट बंदी मागत नाही. प्राणीविरहित चाचणी आधी, आणि ती खरोखर लागू पडत नसेल तर लेखी कारण देऊनच प्राण्यांवर, एवढाच क्रम मागते आहे. युरोपीय संघाने औद्योगिक रसायनांसाठी 2016 मध्येच तो लावला.

आपल्या कायद्याचाही कल तोच आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे 17 वे कलम, शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळा, असे सांगते. सौंदर्यप्रसाधनांसाठी आपण 2014 मध्ये असे प्रयोग बंद केले, नव्या औषधांच्या नियमांत 2023 मध्ये पर्यायी पद्धतींना जागा दिली. शाम्पूसाठी जे जमले ते फवारणीच्या औषधासाठी का जमू नये? शिवाय 2011 पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत आहे. इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत या पद्धतीने केलेली चाचणी सदस्य देशांत पुन्हा करावी लागत नाही.

आता लेबलाबद्दल, कारण चाचणीचे उत्तर फाइलीत पडून राहिले तर माझ्या पेशंटला त्याचा काय उपयोग? कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण फक्त एवढेच सांगतो की किती मात्रा जिवावर बेतते. मॅन्कोझेब या बुरशीनाशकावर हिरवा, म्हणजे सर्वांत कमी विषारीपणाचा, त्रिकोण असतो. शेतकरी हिरवा बघतो आणि उघड्या हाताने पावडर कालवतो. तेच मॅन्कोझेब युरोपच्या अधिकृत वर्गीकरणात त्वचेची ॲलर्जी करणारे म्हणून नोंदलेले आहे, आणि हायड्रोजन सायनामाइडही. निर्यातीच्या घडातले कीटकनाशकांचे अंश आपण कसोशीने तपासतो, ते योग्यच आहे. तो घड पिकवणारीला निदान खबरदारीची सूचना तरी मिळावी.

तेव्हा विनंती अशी की, कीटकनाशकांच्या नोंदणी समितीच्या मार्गदर्शक सूचनांत वरचा क्रम स्पष्ट शब्दांत घालावा. आणि जे रसायन ॲलर्जी करणारे ठरेल त्याच्या डब्यावर, त्रिकोणाला लागून, ‘कातडीला ॲलर्जी होते, उघड्या हाताने हाताळू नका’ ही ओळ ठळक मराठीत छापणे बंधनकारक करावे. पेशंटांच्या संमतीने, त्यांची नावे वगळून, माझ्याकडच्या पॅच टेस्टच्या (कातडीवर पट्टी चिकटवून ॲलर्जी तपासण्याच्या) नोंदी समितीला द्यायला मी तयार आहे.

आपली,
नाशिकमधील एक त्वचारोगतज्ज्ञ